विहीणबाईंच्या शेगडीतली तार

काजळीमावशी कुणाच्या घरी साफसफाईला गेली की आधी शेगडीकडे बघत नाही. आधी माणसांच्या नाकांकडे बघते. नाकपुडीच्या कडेला काळी रेघ दिसली की उंबऱ्यातूनच तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. "किती दिवस झाले राख काढून? खोटं बोलू नका, नाक बोलतंय तुमचं." मग ती पडदे हुंगते, खिडकीच्या काचेवर बोट फिरवते, आणि शेवटी शेगडीपुढे गोणपाटाची घडी टाकून त्यावर गुडघे टेकते.

वसाहतीत त्रेचाळीस घरं आणि त्रेचाळीस शेगड्या. पेलेटच्या. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या, बोटाच्या पेराएवढ्या. वरच्या पेटीत गोणी ओतायची. आतला स्क्रू त्या थोड्या थोड्या करून जळणाच्या वाटीत ढकलतो आणि पंखा धूर ओढून मागच्या नळातून बाहेर घालवतो. पूर्वी घराघरात गरम पाण्याचे पाइप होते. ते फुटायला लागले, तेव्हा वसाहतीच्या ऑफिसने ठरवलं की पाइप दुरुस्त करण्यापेक्षा प्रत्येकाला एक शेगडी देणं सोपं. सोपं कुणाला, ते ऑफिसला कुणी विचारलं नाही. हिवाळा भाडेकरूंचा, राखही भाडेकरूंची.

मावशीला हे काम कुणी शिकवलं नाही. नऊ वर्षं ती पेलेटच्या कारखान्यात गोण्या शिवत होती. कारखाना बंद पडला तेव्हा तिच्याकडे खोकला आणि रिकामे हात एवढंच उरलं. शेगड्या बसवायला कंपनीचा मेकॅनिक आला, तेव्हा ती त्याच्या मागे उभी राहून बघायची, आणि तो मुद्दाम पाठ वळवायचा. बाईमाणसाला काय कळतंय, म्हणून नाही. कळेल, म्हणून. मग तिने शेगडीबरोबर आलेली पुस्तिका घेतली. अक्षरं परक्या भाषेतली, पण चित्रांना भाषा नसते. स्वतःच्या घरची शेगडी तिने पहिल्यांदा उघडली, पुन्हा बंद केली, तर तीन स्क्रू शिल्लक राहिले. ते तीन स्क्रू आपापल्या जागी जाईपर्यंत तिने ती शेगडी चार वेळा सोलली. पाचव्या दिवशी शेजारीण म्हणाली, "आमचीपण बघ गं जरा." तिथून पाच वर्षं झाली.

तिची पद्धत ठरलेली. ज्या घरी जायचं त्यांनी पहाटेच शेगडी बंद ठेवायची, ही पहिली अट. एक जरी निखारा जिवंत राहून व्हॅक्युमच्या पिशवीत गेला तर पिशवीच पेटते. आणि व्हॅक्युमही राखेचा वेगळा लागतो. घरातल्या साध्या व्हॅक्युममधून बारीक राख मागच्या बाजूने फुर्रकन परत येते. वसाहतीतल्या न्हाव्याने तो प्रयोग एकदा केला होता. सोफा, बायको आणि वाढून ठेवलेलं ताट, सगळं एकाच रंगाचं झालं. मावशी ती गोष्ट अजून सांगते आणि न्हावी अजून चिडतो.

वाटी काढायची, तिची भोकं खिळ्याने एकेक मोकळी करायची. भोकं बुजली की हवा मिळत नाही, मग राख वितळून काचेसारखा खडा धरतो, तो छिन्नीने उडवायचा. मग आतल्या भिंतीच्या लोखंडी पट्ट्या काढायच्या. इथे माणूस कळतो, असं मावशीचं म्हणणं. समोरची राख कुणीही काढेल. पट्टीमागची राख कुणाला दिसत नाही, ती जो काढतो त्याला कामाचा म्हणायचं. पंख्याची पाती ती रंगाच्या ब्रशने झाडते. शेगडीच्या दाराच्या कडेला धूर अडवायला बसवलेल्या दोरीची परीक्षा वर्तमानपत्राच्या पट्टीने घेते: पट्टी दारात धरायची, दार लावायचं, ओढायची. सहज निघाली तर दोरी गेली. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि डबा घराबाहेर, दिवसभर. सगळं झालं की शेगडी पेटवून पाच मिनिटं ती नुसती ज्योतीकडे बघत बसते. ज्योत पिवळी, ताठ आणि चळवळी असली तर ठीक. नारिंगी, आळशी, टोकाला काळी असली तर पुन्हा पहिल्यापासून.

एवढं असूनही ऑफिसने तिला परवाना दिला तो अर्धाच. छतापर्यंतचं काम तिचं. छताच्या वरचा उभा नळ ऑफिसच्या ठेकेदाराचा. जिथे नळ छतात शिरतो तिथल्या सांध्याला ऑफिसचं सील, त्याला हात लावला तर परवाना रद्द. ठेकेदार वर्षातून एकदा येतो. येतो म्हणजे गाडी येते, गाडीत माणूस असतो, माणसाच्या हातात वही असते. गाडीवरची शिडी खाली उतरलेली कुणी पाहिलेली नाही. सह्या घेतल्या की वरचे त्रेचाळीस नळ स्वच्छ.

आता विहीणबाई.

मावशीची एकुलती एक लेक याच वसाहतीत, तीन गल्ल्या पलीकडे दिलेली. जावई मालगाड्यांच्या डेपोत, लेक लाँड्रीत इस्त्रीला, आणि घरात दिवसभर विहीणबाई. विहीणबाईंनी तीस वर्षं बसस्टँडवर तिकीटखिडकीमागे काढलेली. लोकांना उलट उत्तर द्यायचं ते एवढ्याशा चौकोनातून आणि रांग न थांबवता, ही त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. माणूस वाईट नव्हे. पण मावशी त्या घरी शेगडी साफ करायला गेली की तिथे ती कारागीर नसायची, मुलीची आई असायची. बाकीच्या सगळ्या घरांत जी बाई उंबऱ्यातून शिव्या घालत शिरते, ती त्या घरात चपला बाहेर जोडून ठेवून हळूच आत यायची.

त्या दिवशी गारठा असा होता की नळाचं पाणी बोटांना चावत होतं. विहीणबाईंची शेगडी सकाळपासून तीनदा विझलेली. मावशी गेली तेव्हा विहीणबाई खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या, शालीतून फक्त तोंड बाहेर.

"परवाच साफ केलीत ना ही?"

"केली की."

"मग बरं. मला वाटलं नुसती पुसलीत."

मावशीने मागचा पत्रा उघडला. शेगडीच्या पोटात मागे एक स्विच असतो, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, त्याला एक बारीक रबरी नळी. धूर नीट बाहेर ओढला जातोय की नाही, ते हा स्विच त्या नळीवरून ओळखतो. ओढ कमी पडली की तो कांड्या थांबवतो आणि शेगडी विझते. माणसं म्हणतात, शेगडी बिघडली. मावशी त्यांना सांगते, बिघडली नाही, शहाणी आहे. तिचा गळा कुणीतरी दाबलाय आणि ती ओरडतेय. इथे नळी मोकळी होती. पंखा स्वच्छ. आतल्या पट्ट्या स्वच्छ. मावशीने नळाचं खालचं झाकण काढून लांब ब्रश वर घातला, तो छतापर्यंत गेला आणि थटला.

"वरचा नळ तुंबलाय, विहीणबाई. ते ऑफिसचं काम. आज तक्रार देते, दोन दिवसांत येतील."

"म्हणजे दोन दिवस मी अशीच."

"मी माझ्याकडची चादर..."

"असू द्या. लेक दिलीत तेव्हाही असंच सांगितलं होतंत. मुलगी गुणी आहे, फक्त जरा सकाळी उठायचं बघून घ्या." विहीणबाई हसल्या. त्यांना विनोद करायचा होता. "तुमच्या मालात नेहमी फक्त जरा काहीतरी असतं बघा."

लेक ओट्याशी उभी होती. तिने वर बघितलं नाही, हातातला कप मात्र एकदा पुसून झालेला पुन्हा पुसायला लागली. मावशीने ते पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. विहीणबाईंवर फिरलं, ऑफिसवर फिरलं, त्या सीलवर फिरलं, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, की पाच वर्षांत त्रेचाळीस शेगड्या पेटवल्या आणि आपल्याच लेकीच्या घरात हात टेकून उठायची वेळ आली. तिने पिशवीतून बोटभर तांब्याची तार काढली. स्विचच्या दोन टोकांत ती जोडून दिली. आता ओढ असो नसो, स्विचला विचारणारं कुणी नव्हतं.

शेगडी पेटली. खोली तापली. विहीणबाईंनी पाय खाली सोडले आणि म्हणाल्या, "हाताला गुण आहे हो."

मावशीने ज्योतीकडे पाच मिनिटं बघितलं नाही. निघताना एवढंच म्हणाली, "खिडकी बोटभर उघडी ठेवत जा." का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तार सांगावी लागली असती.

दोन वर्षांपूर्वी असंच एका इलेक्ट्रिशियनने केलं होतं, तेव्हा मावशीने त्याला गल्लीच्या तोंडाशी उभा करून धुतला होता. माणसं मारायचा धंदा कर मग, पक्कड कशाला धरतोस, असं चारचौघांत म्हणाली होती. तिला हे आठवत नव्हतं असं नाही. तिला वाटलं, आपलं वेगळं. आपल्याला कळतंय आपण काय करतोय. दोन दिवस तर आहेत.

ऑफिसात तिने त्याच दुपारी तक्रार लिहून दिली. टेबलावरचा माणूस म्हणाला, गुरुवारी. गुरुवारी म्हणाला, ठेकेदार गावाला गेलाय. ती रोज जायची, रोज भांडायची. पण तीन गल्ल्या पलीकडे जाऊन तार काढून यायची नाही. काढली तर शेगडी विझणार, आणि विझली तर लेक पुन्हा कप पुसणार. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला लेक लाँड्रीतून डबा न्यायला घरी आली. विहीणबाई खुर्चीत होत्या. हाक मारली तर डोळे उघडले, पण ओळख नाही. ओठ गुलाबी, पायाशी उलटी. लेकीने दार, खिडक्या, सगळं धाडधाड उघडलं आणि सासूला काखेत धरून ओढत जिन्यापर्यंत आणलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, धुरातला गॅस रक्तात गेलाय. याला वास नसतो, रंग नसतो. अजून तासभर उशीर झाला असता तर आम्हाला काही करता आलं नसतं.

संध्याकाळपर्यंत वसाहत पेटून उठली. ऑफिसविरुद्ध.

पोस्टमनभाऊ मावशीच्या घरी आला तो फाइल काखेत मारूनच. निवृत्त पोस्टमन, भाडेकरू समितीचा अध्यक्ष. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली आणि आता स्वतःच्या अर्जांची उत्तरं मागत फिरणारा. वरचे नळ साफ करा, म्हणून दोन वर्षांत सतरा अर्ज. प्रत्येक अर्जावर ऑफिसचा शिक्का, शिक्क्याखाली काही नाही.

"मावशी, आता सापडलेत. उद्या दहाला इंजिनियर येतोय पाहणीला. तुम्ही फक्त एवढं सांगायचं, खालचं सगळं स्वच्छ होतं, वरचा नळ तुंबलेला होता. तुमच्या शब्दाला वजन आहे."

मावशी भिंतीला टेकून उभी होती. "तार जोडली होती मी," ती म्हणाली.

"कसली तार?"

तिने सांगितली. पोस्टमनभाऊ उठला, दार लावून आला, पुन्हा बसला.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"आता तुम्हाला."

"मग आत्ता जा. लेक घरी आहे ना? राख काढायला आले म्हणून जा, आणि काढून या ती."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं कुठे? नळ तुंबलाय हे खोटं आहे?"

"नाही."

"मग खरं आहे तेच राहू द्या ना. मावशी, तुम्हाला ऑफिस माहीत नाही असं करू नका. तुमची ती बोटभर तार त्यांच्या हाती लागली तर ते नळाकडे मान वर करूनसुद्धा बघणार नाहीत. बाईने छेडछाड केली, बाईचा परवाना रद्द, प्रकरण बंद. आणि मग पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या कुणाच्या घरी?"

तो खोटारडा माणूस नव्हता. सतरा अर्ज खोटारडा माणूस लिहीत नाही, तो दुसऱ्या अर्जालाच आडवाट काढतो. पण लढणाऱ्यांना एक खोड लागते. ते खरं भाजीसारखं निवडायला लागतात, हे पान घ्या, हे टाका. आणि वाईट असं, की तो म्हणत होता ते मावशीला पटत होतं. ऑफिस नेमकं तसंच करणार होतं.

ती पिशवी घेऊन निघाली.

लेकीच्या घरी सगळ्या खिडक्या अजून सताड उघड्या होत्या. लेक स्वेटरवर कोट घालून पलंगाच्या कडेला बसली होती, जावई दवाखान्यात. मावशी म्हणाली, उद्या लोक येणार, जरा झाडून ठेवते. गोणपाट टाकलं, गुडघे टेकले, मागच्या पत्र्याचे चार स्क्रू काढले. तार होती तिथेच. तांबं थोडं काळवंडलेलं, बाकी तशीच, तिच्याच हाताने पीळ दिलेली. पकडीने धरून एकदा ओढायची, मूठ मिटायची, खिशात. पाच सेकंदांचं काम.

"आई, त्या शुद्धीवर आल्या मघाशी," लेक मागून म्हणाली.

"काही बोलल्या?"

"मधेमधे शब्द सापडत नाहीत त्यांना. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. कदाचित थोडं तसंच राहील." लेकीने नाक पुसलं. "पण सारखं एकच सांगतायत. चूक माझी. तुझ्या आईंनी खिडकी उघडी ठेवायला सांगितली होती, आज गारठा लागला म्हणून मी लावून घेतली. त्यांना बोल लावू नका."

मावशीची पक्कड तारेवर होती. ती तशीच राहिली. शेगडीच्या मागच्या त्या अंधाऱ्या चौकोनात ती किती वेळ बघत बसली कोण जाणे. लेक उठून जवळ आली.

"काय झालं? काय शोधतेस?"

"इकडे ये. वाक. ही बघ."

लेकीला शेगडीतलं काही कळत नव्हतं, पण आईच्या तोंडावरचं कळत होतं. मावशीने सगळं सांगितलं, त्या दिवशीचा कपसुद्धा. लेक हळूहळू मागे सरकत पुन्हा पलंगावर जाऊन बसली.

"आणि आत्ता तू काढायला आली होतीस."

"हो."

"मग काढ ना."

मावशीने पक्कड खाली ठेवली.

"काढ की! उद्या ही तार सगळ्यांसमोर निघाली तर हे तुझं तोंड बघणार नाहीत. माझं काय होईल इथे, याचा काही विचार?"

"तोच केला होता त्या दिवशी," मावशी म्हणाली. "त्यातूनच झालं हे."

तिने पत्रा परत लावला. चारही स्क्रू घट्ट केले, आत तार तशीच ठेवून. लेकीने निरोप दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला त्या एवढ्याशा खोलीत सात माणसं. इंजिनियर, चकचकीत बुटांतला, कोवळा. त्याच्यामागे ठेकेदार, वहीसकट. पोस्टमनभाऊ, समितीतली दोन माणसं. जावई दोन दिवसांच्या दाढीने भिंतीशी. इंजिनियरने विचारायच्या आत मावशी पुढे झाली. पत्रा उघडला, बोट दाखवलं.

"ही तार मी जोडली. दहा दिवसांपूर्वी. कुणी जोडायला सांगितली नव्हती, घरच्यांना माहीत नव्हती. ही नसती तर शेगडी विझली असती आणि बाईंना काही झालं नसतं. लिहून घ्या."

पोस्टमनभाऊने डोळे मिटले. जावयाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. ठेकेदाराचा चेहरा मात्र पाहुणे निघून गेल्यावर यजमानाचा होतो तसा सैल झाला. इंजिनियरने भराभर लिहिलं आणि वही मिटली.

"कारण स्पष्ट आहे मग."

"कशाचं?" मावशी म्हणाली.

"अपघाताचं."

"अपघाताचं झालं. शेगडी विझत का होती, ते लिहा आता."

"त्याचा आता संबंध नाही, बाई."

"बाई नाही, मावशी म्हणतात मला सगळे, आणि संबंध मी दाखवते." तिने खालचं झाकण फिरवून काढलं, लांब ब्रश नळात घातला आणि ढकलत गेली. सगळ्यांच्या माना वर. ब्रश छतापर्यंत गेला आणि थटला. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. नाही. "इथपर्यंत माझं. इथून पुढे तुमचं. सील तुमचं आहे. तोडा."

"त्याला वेगळी परवानगी..."

"चार महिन्यांपूर्वी साफ केलेला नळ आहे," ठेकेदार वही उघडून म्हणाला. "ही घ्या सही."

जावई भिंतीपासून सुटला. काही न बोलता त्याने खुर्ची ओढली, तीच, विहीणबाईंची, तिच्यावर चढला, आणि मावशीच्या पिशवीतला पाना घेऊन सील उडवलं. सांधा सुटला तसा आधी नुसता धूरकट वास आला. मग आत दाटून बसलेली राख आणि काजळी, ओल धरून गोधडीसारखी घट्ट झालेली, धप्पकन खाली आली. टोपलीभर. इंजिनियरचे बूट त्यात बुडाले. पोस्टमनभाऊ फोनवर फोटो काढत होता, काढतच होता.

पुढचा अर्धा तास कागदावर गेला. इंजिनियरने तारेबद्दल सात ओळी लिहिल्या होत्या. खाली आठवी घातली, "नळात काही प्रमाणात राख आढळली." मावशी म्हणाली, मी सही करणार नाही. काही प्रमाणात म्हणजे किती? तुमच्या बुटांना विचारा. शेवटी "नळ पूर्ण बंद होता" असं झालं, तेव्हा तिने खाली सही केली. सह्यांत तिची सगळ्यात वर, ठेकेदाराची कुठेच नाही. परवाना तिने स्वतःहून टेबलावर ठेवला. मागितल्यावर द्यायला लागू नये, एवढाच त्यात मान.

जिन्यात पोस्टमनभाऊ म्हणाला, "अर्धी लढाई हरवलीत तुम्ही आमची."

"अर्धी जिंकून दिली की."

"ते वरचे लोक सात ओळी वाचतील, मावशी. आठवी नाही वाचणार."

त्या आठवड्यात ऑफिसने अकरा नळ उघडले, बाकीच्यांचं बघू म्हणाले. आणि ज्या बायका तिला पहाटेपासून बोलावणं पाठवायच्या, त्या आता गल्लीत थांबवून हळूच विचारायच्या, "आमच्यात नाही ना गं कुठे तार?" मावशी प्रत्येकीच्या घरी गेली, पत्रा उघडून दाखवला, स्विच दाखवला, नळी दाखवली. तार कुठेच नव्हती. त्या "बरं" म्हणायच्या. पण तिचं बोलणं संपलं तरी शेगडीकडे बघत राहायच्या. एका घरात तर ती आत येताच कुणीतरी खिडकी उघडली.

दवाखान्यात ती पाचव्या दिवशी गेली. लेक दाराशी होती, तिने वाट दिली, नजर दिली नाही.

विहीणबाई उशीला टेकून बसल्या होत्या. नाकात नळी. चेहरा बारीक झालेला, डोळे तेवढे तिकीटखिडकीतले.

"या. बसा. त्या स्टु... स्टो..." शब्द सापडेना. त्यांनी हाताने स्टूल दाखवलं.

मावशी बसली नाही. उभ्याने सगळं सांगितलं. मुलाने सांगितलं असेलच, पण मला माझ्या तोंडाने सांगायचंय, म्हणाली. स्विच काय करतो ते सांगितलं, तार कशी जोडली ते सांगितलं, नऊ दिवस का आले नाही ते सांगितलं. खिडकीचं सांगितलं, की ती तुमची चूक नव्हती. उघडी असती तरी मी जे केलं ते केलंच होतं. विहीणबाई मधे एकदाही बोलल्या नाहीत. त्यांच्या आयुष्यात हे बहुधा पहिल्यांदाच झालं असेल.

मग त्या म्हणाल्या, "दोन स्वेटर."

"काय?"

"दोन स्वेटर घातले असते मी. वर शाल." एकेक शब्द त्या चाचपडत उचलत होत्या. "सांगायचं होतंत. बंद ठेवा म्हणून. मी एखादा टोमणा... मारला असता. त्यात काय होतं एवढं?"

मावशीने स्टूल ओढलं आणि ती बसली.

"माझं बोलणं एवढं लागतं?"

"मला नाही," मावशी म्हणाली. "तिला."

विहीणबाईंनी दाराकडे पाहिलं. तिथे लेकीच्या कोटाची बाही दिसत होती. त्या बाहीकडे त्या बघत राहिल्या, ओठ हलत होते, पण यावेळी शब्द सापडत नव्हता की निवडत होत्या, ते कळत नव्हतं.

"तिला आत पाठवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेर थांबा."

मावशी बाहेर आली. लेक तिच्या अंगावरून आत गेली आणि दार लोटलं गेलं. व्हरांड्यात पत्र्याचं बाकडं होतं, थंडगार. भेटीची वेळ सहापर्यंत, भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच. आतून विहीणबाईंचा आवाज येत होता, अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होत. शब्द ऐकू येत नव्हते. मग लेकीचा आवाज आला, आणि तो थांबेना. लग्न झाल्यापासून त्या घरात तिला इतकं सलग बोलताना मावशीने कधी ऐकलं नव्हतं. रडतेय की भांडतेय, ते दारातून कळत नव्हतं.

मावशी उठून दारापर्यंत गेली, हात वर केला, आणि परत येऊन बाकड्यावर बसली. थांबा म्हणाल्या होत्या.